देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चालत होते, हे कोणत्या पुराव्यांवरून ठरले?

कृष्णाकाठ (प्रश्न)

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. देवमासा हा मासा नसून सस्तन प्राणी आहे आणि त्याचे पूर्वज जमिनीवर वावरणारे, चार पायांचे होते, असे उत्क्रांतीच्या पाठात मी सांगते. तो फुप्फुसांनी श्वास घेतो आणि पिलांना दूध पाजतो, एवढ्यावर बहुतेक मुलांचे समाधान होते. परंतु यंदा एका विद्यार्थिनीने विचारले, की यावरून देवमासा आपल्यासारखा आहे एवढेच कळते, तो जमिनीवरून पाण्यात गेला हे कशावरून कळते? तिची शंका मला अगदी रास्त वाटते. मधल्या टप्प्यांतील प्राण्यांचे जीवाश्म खरोखर सापडले आहेत का, आणि धड ना पाय धड ना पर अशा अवयवांनी तो प्राणी जगला तरी कसा असेल, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

भूस्तर

या प्रश्नाच्या उत्तराचा फार मोठा भाग आपल्याच उपखंडाच्या खडकांत आहे, आणि शाळेत तो सहसा सांगितला जात नाही याची मला खंत वाटते. सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूखंड आशियाकडे सरकत असताना दोहोंच्या मध्ये टेथिस समुद्राचे उथळ पाणी होते. त्याच्या काठांवर आणि तेथील नद्यांच्या पात्रांत साचलेला गाळ आज पाकिस्तानातील टेकड्यांत, जम्मूमध्ये आणि कच्छमध्ये खडकांच्या रूपाने उघडा पडलेला आहे.

पाकिस्तानातील अशाच खडकांत सापडलेल्या पाकिसेटसचे वर्णन 1981 मध्ये फिलिप गिंगरिच आणि त्यांच्या सहकाऱ्याने प्रसिद्ध केले. हा लांडग्याएवढा, चार पायांवर चालणारा प्राणी नद्यांच्या उथळ पाण्यात वावरत असे. बाहेरून पाहिले तर त्याला देवमासा म्हणण्याचे धाडस कोणी केले नसते. परंतु त्याच्या मधल्या कानाभोवतीच्या हाडाची आतली कड विलक्षण जाड आहे, आणि आजच्या सजीवांमध्ये ही रचना केवळ देवमासे व डॉल्फिन यांच्यातच आढळते. 1994 मध्ये हान्स थेविसेन आणि त्यांच्या पाकिस्तानी सहकाऱ्यांनी अँब्युलोसेटसचे वर्णन केले. सुमारे 3 मीटर लांबीच्या या प्राण्याची मागची पावले मोठी, पाणी मागे लोटण्याजोगी होती. कच्छमध्ये अशोक साहनी आणि विजय प्रकाश मिश्रा यांनी 1970 च्या दशकात आद्य देवमाशांवर पायाभूत काम केले, आणि पुढे 2000 मध्ये सुनील बाजपेयी व थेविसेन यांनी कच्छिसेटस हा लांब शेपटीचा लहानखुरा प्राणी तेथूनच जगासमोर आणला.

यानंतरचा टप्पा इजिप्तच्या वाळवंटात दिसतो. तेथील बॅसिलोसॉरस हा पूर्णपणे समुद्रात राहणारा, 15 मीटरांहून अधिक लांबीचा देवमासा. त्याच्या मागच्या पायांचे वर्णन 1990 मध्ये प्रसिद्ध झाले. एवढा अजस्र देह त्या पायांना पेलणे शक्यच नव्हते, तरीही त्यांत मांडीचे हाड, गुडघा, घोटा आणि बोटे आहेत. नाकपुड्यांची जागाही अशीच सरकत गेलेली दिसते: पाकिसेटसमध्ये त्या मुस्कटाच्या टोकाला आहेत, बॅसिलोसॉरसमध्ये बऱ्याच मागे, आणि आजच्या देवमाशात थेट डोक्यावर.

मुलांना एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावी. यांतील प्रत्येक प्राणी पुढच्या प्राण्याचा थेट पूर्वज होता, असा दावा कोणी करत नाही. या एकाच कुळाच्या चुलत शाखा आहेत, आणि कोणत्या काळात शरीराची कोणती ठेवण अस्तित्वात होती, हे त्यांच्यावरून समजते.

उलटतपासणी

माहिती उत्तम आहे, परंतु माझी एक शंका आहे. हाडे पाहून त्यांचा क्रम लावणारी माणसे उत्क्रांती आधीच मान्य करून बसलेली असतात. मग हाती आलेले हाड सोयीच्या जागी बसवले गेले नाही, याची खात्री कशी पटवायची? हा सगळा तर्क चुकीचा ठरू शकेल, अशी कसोटी कधी लागली होती का?

जनुकवाट

अशी कसोटी लागली होती, आणि तिच्यात जीवाश्मतज्ज्ञांचे त्या काळचे प्रचलित मत टिकले नाही. म्हणूनच मला स्वतःला हा सर्व इतिहासातील सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

1966 मध्ये ली व्हॅन व्हेलेन यांनी मांडले, की देवमाशांचे पूर्वज मेसोनिकिड नावाच्या, आता नामशेष झालेल्या मांसाहारी खुरधारी प्राण्यांत शोधावेत. दातांची ठेवण इतकी मिळतीजुळती होती, की हे मत अनेक वर्षे मान्य राहिले. परंतु 1990 च्या दशकात प्रथिने आणि डीएनए यांच्या तुलनेतून वेगळेच उत्तर येऊ लागले. देवमासे हे गाय, हरीण, डुक्कर, पाणघोडा यांच्या, म्हणजे समखुरी प्राण्यांच्या गटातलेच असून पाणघोडा हा त्यांचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक आहे, असे ते उत्तर होते. 1999 मध्ये जपानी संशोधकांनी याला फार बळकट आधार दिला. डीएनएचे काही छोटे तुकडे स्वतःच्या प्रती जनुकसंचात इतरत्र घुसवतात. असे काही तुकडे देवमासा आणि पाणघोडा या दोघांत नेमक्या त्याच जागी आढळले, गाय आणि डुक्कर यांच्यात मात्र त्या जागा रिकाम्या होत्या. कोट्यवधी जागांमधून तीच जागा दोघांत स्वतंत्रपणे निवडली जाणे जवळजवळ अशक्य असल्यामुळे, तो तुकडा दोघांच्या सामायिक पूर्वजाकडून आला, असेच मानावे लागते.

आता हाडे आणि डीएनए परस्परविरोधी साक्ष देत होते. समखुरी प्राण्यांच्या घोट्यात एक वैशिष्ट्यपूर्ण हाड असते, ज्याची दोन्ही टोके कप्पीसारखी खाचदार असतात. डीएनएची साक्ष खरी असेल, तर पायांच्या आद्य देवमाशांत हे हाड सापडायला हवे. मेसोनिकिडांचे मत खरे असेल, तर ते सापडता कामा नये. 2001 मध्ये गिंगरिच यांच्या चमूने बलुचिस्तानातील रोडोसेटस आणि आर्टिओसेटस या पायांच्या आद्य देवमाशांचे घोटे प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी थेविसेन यांच्या चमूने पाकिसेटसच्या सांगाड्याचे वर्णन केले. दोन्ही ठिकाणी दुहेरी कप्पीचे ते हाड होते. गिंगरिच स्वतः तोवर मेसोनिकिडांच्या बाजूचे होते. हाती आलेल्या हाडांमुळे त्यांनी आपले मत बदलले. सोयीच्या जागी हाड बसवणाऱ्यांकडून हे घडले नसते.

कृष्णाकाठ

मनापासून आभार. घोट्याचा हा इतिहास मी वर्गात नक्की सांगेन. धड ना पाय धड ना पर, हा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे.

भूस्तर

त्याचे उत्तर जम्मूतील कालाकोट परिसरात मिळते. भूवैज्ञानिक ए. रंगराव यांनी तेथून गोळा केलेल्या दगडांत इंडोहायस या छोट्या समखुरी प्राण्याची हाडे होती, आणि 2007 मध्ये थेविसेन, बाजपेयी व सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की त्याच्या कानाजवळही तीच जाड कड आहे. त्याच्या पायांची हाडे जड आणि भरीव आहेत. उथळ पाण्यात तळाशी पाय टेकून चालणाऱ्या प्राण्याला अशा वजनाचा उपयोग होतो. सह्याद्रीत आढळणाऱ्या पिसोरी या छोट्या, हरणासारख्या प्राण्याचा आफ्रिकेतील एक नातेवाईक आजही शिकारी पाठीस लागला, की पाण्यात बुडी मारून लपतो. प्रथम संकटापुरते पाणी, मग अन्नासाठी पाणी, आणि नंतर बहुतेक सारा वेळ पाण्यात, अशी ती वाटचाल असावी. तिच्या प्रत्येक टप्प्यावरचा प्राणी आपापल्या परिस्थितीत पुरेसा सक्षम होता. पाणमांजर नदीत पोहते आणि काठावर धावते, म्हणून ते अर्धवट ठरत नाही.

गर्भविज्ञान

जिवंत प्राण्यांतील पुरावाही जोडावा. डॉल्फिनच्या भ्रूणात सुरुवातीला मागच्या पायांचे कोंब स्पष्ट दिसतात आणि काही आठवड्यांत विरून जातात. ज्या देवमाशांना जन्मतः दात नसतात, तोंडात फक्त गाळणीसारखे पडदे असतात, त्यांच्याही गर्भात दातांचे अंकुर येतात आणि पुन्हा शोषले जातात. दातांवरील एनॅमल घडवणारी जनुके त्यांच्या डीएनएमध्ये आजही मोडक्या अवस्थेत सापडतात.

वर्गात शिकवताना मात्र देवमाशाच्या कमरेची हाडे निरुपयोगी आहेत, असे म्हणू नये. नराच्या जननेंद्रियांचे स्नायू त्या हाडांना जोडलेले असतात. ती पूर्वजांची खूण ठरतात ती त्यांच्या मूळ कामामुळे: चौपायांमध्ये ती मागच्या पायांना आधार देतात, आणि देवमाशाला ते पायच उरलेले नाहीत.