इकाम्यावर 'मुस्लिम', मनात देव नाही : गप्प राहणं हे ढोंग आहे का?

खाडीकाठ (धागाकर्ता)

मी रत्नागिरी जिल्ह्यातला कोकणी मुसलमान. अकरा वर्षं सौदीत, दम्मामला नोकरी करतोय. देवावरचा विश्वास उडून सात-आठ वर्षं झाली. खोलीत आम्ही पाच जण, सगळे चिपळूण-दापोलीकडचे. फजरची, म्हणजे पहाटेच्या नमाजाची, अजान झाली की चौघे उठतात, मीही उठतो. नळाखाली कोपरापर्यंत हात ओले करतो, बाह्या दुमडलेल्याच ठेवतो, म्हणजे वजू (नमाजाआधीचं हातपाय धुणं) केल्याचं सगळ्यांना दिसतं. रमजानमध्ये दुपारी न्हाणीघरात नळाला ओंजळ लावून पाणी पितो आणि ओठ नीट पुसून बाहेर येतो.

आमच्या केरळी ख्रिश्चन फोरमनला कुणी नमाजाला चल म्हणत नाही. त्याचा धर्म वेगळा आहे हे सगळ्यांना मान्य आहे. माझ्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्यावर, मात्र 'मुस्लिम' लिहिलंय आणि तो शब्द मला बदलता येत नाही. मार्च २०१४ मध्ये इथल्या गृहखात्याने दहशतवाद कशाला म्हणायचं याचे नियम काढले. नास्तिक विचारांचा प्रचार त्यात पहिल्याच कलमात होता.

पुण्याचा एक मित्र, तोही नास्तिक पण हिंदू घरातला, परवा फोनवर मला "ढोंगी" म्हणाला. तेव्हापासून झोप नीट लागत नाही. माझं म्हणणं असं की जिथे बोलण्याची किंमत नोकरी, तुरुंग किंवा जीव असते, तिथे गप्प बसणाऱ्याला सुरक्षित जागी बसून कुणी ढोंगी म्हणू नये. तुम्हाला काय वाटतं?

सडेतोड

असहमत. हमीद दलवाई तुमच्याच भागातले, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. नास्तिक असल्याचं त्यांनी उघड सांगितलं, १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, आणि मेल्यावर दफन नको, दहन करा, कसलाही विधी नको, असं सांगून ठेवलं. त्यांनाही विरोध झाला, धमक्या आल्या. प्रत्येकाने परिस्थिती बदलेपर्यंत थांबायचं ठरवलं तर ती बदलणार कोण? तुमच्या खोलीतल्या चौघांत आणखी एखादा तुमच्यासारखा असेल तर तोही तुमच्याकडे बघून हात ओले करत असेल.

वळणवाट

सडेतोड, तुमचं शेवटचं वाक्य मनाला लागलं, पण दलवाईंचा दाखला इथे चालत नाही. दलवाईंच्या मागे भारताची राज्यघटना होती. दम्माममध्ये यांच्या मागे काय आहे? राईफ बदावीने तर आपण नास्तिक आहोत असं म्हटलंही नव्हतं. एक उदारमतवादी संकेतस्थळ चालवलं, एवढंच. दहा वर्षं कैद आणि हजार फटके. त्यांतले पहिले पन्नास जानेवारी २०१५ मध्ये जेद्दात मशिदीसमोर, लोकांच्या देखत मारले. तो सौदी नागरिक होता, जगभरातून त्याच्यासाठी आवाज उठला, तरी २०२२ पर्यंत सुटला नाही. कोकणातल्या कामगारासाठी कोण आवाज उठवणार आहे?

आणि भारतात तरी सगळं सुरक्षित आहे का? कोइम्बतूरच्या फारूकला मार्च २०१७ मध्ये रस्त्यात गाठून मारलं. व्हॉट्सअॅपवर नास्तिकतेचं लिहायचा. लहान लेकरांचा बाप होता.

बाणकोटकर

मी पाच वेळा नमाज पढणारा माणूस आहे, तरी लिहितो. वर ज्या घटना आल्या त्यांचं मी समर्थन करत नाही. कुराणात 'ला इकराहा फिद्दीन' आहे, धर्मात जबरदस्ती नाही. मनातून न मानणारा माणूस माझ्या शेजारी सफेत, नमाजाच्या रांगेत, उभा राहावा असं मलाही वाटत नाही.

पण एक विचारतो. ते चौघे तुम्हाला भाऊ समजतात. तुम्ही आजारी पडलात तर तेच तुम्हाला दवाखान्यात नेतील. वतनाहून आलेली सांदणं ते तुमच्यासोबत वाटून खातात. त्यांना रोज फसवताना काहीच वाटत नाही? तुम्ही कायद्याबद्दल लिहिलंत, या माणसांबद्दल एक ओळही नाही.

हिरवाचाफा

बाणकोटकर, तुमची आयत मी लहानपणी पाठ केली होती. घरात न मानण्याचं बोलले तेव्हा ती कुणालाच आठवली नाही. आईने सहा महिने माझ्याशी बोलणं टाकलं आणि मामांनी माझं लग्न ठरवायची घाई सुरू केली. बाईने नमाज सोडली की तिचं चारित्र्यच बिघडलं असं धरतात. हा भाग इथल्या पुरुषांच्या प्रतिसादांत आलाच नाही.

आणि भारतातला कायदाही आपल्याला सोडत नाही. वारसा हक्कात मुलीला मुलाच्या निम्मं, मृत्युपत्राने एक तृतीयांशाहून जास्त कुणाला देता येत नाही. केरळच्या सफिया पी. एम. यांचं सर्वोच्च न्यायालयात हेच मागणं आहे: मी मानत नाही, तर मला शरियतऐवजी १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लावा. सडेतोड, बोलायचंच तर असं बोलावं, जिथे ऐकून घेणारं कोर्ट आहे तिथे. खाडीकाठ यांनी दम्माममध्ये तोंड उघडून कुणाचंही भलं होणार नाही.

सडेतोड

मान्य. तिथे बोला असं म्हणणं माझं चुकलंच. पण सुट्टीवर घरी आल्यावरही गप्पच राहणार का, हा प्रश्न मी मागे घेत नाही.

खाडीकाठ

बाणकोटकर, वाटतं. रोज वाटतं. दोन वर्षांपूर्वी अब्बा गेले. मिळेल त्या विमानाने पोचलो. जनाजा माझ्यासाठी थांबवला होता. पहिल्या सफेत हात बांधून उभा राहिलो, चारही तकबिरींना ('अल्लाहू अकबर' म्हणताना) ओठ हलवले. प्रार्थना माझ्याकडे नव्हती, पण बाप माझाच होता आणि त्याला खांदा द्यायचा होता. त्या दिवशी मी कुणाला फसवलं असं मला आजही वाटत नाही. रोजच्या फजरला मात्र वाटतं, तुम्ही म्हणता ते खरं आहे.

सडेतोड, या वेळी सुट्टी रमजानच्या आधी घेतलीय, शाबानमध्ये. बायकोला सांगणार आहे. अम्मीला नाही. हिरवाचाफा, तुम्ही घरात पहिल्यांदा हे कुणाला आणि कसं सांगितलंत ते लिहाल का?