पंधरा पाऊणे सव्वाअकरा: भरती, सुकती, वारा आणि आपण

खाडीपल्याड

काल लेकाचा अपूर्णांकांचा अभ्यास घेत होते. पाऊण म्हणजे तीन चतुर्थांश हे काही केल्या डोक्यात शिरेना. आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "चार पाऊणे तीन, आठ पाऊणे सहा, पंधरा पाऊणे सव्वाअकरा." पुण्यातल्या चौथ्या मजल्यावर आजोबा येऊन बसल्यासारखं वाटलं.

आमचं गाव गुहागर तालुक्यात, खाडीकाठी. शाळा पलीकडच्या तीरावर. पलीकडे नेणारी होडी, म्हणजे तर, कधी सुटेल ते घड्याळावर नसायचं, पाण्यावर असायचं. आजोबा पडवीत बसून तिथी विचारायचे आणि पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, म्हणून भरतीची वेळ सांगायचे. तिथीला पाऊणने गुणलं की झालं. अष्टमीला सहा, पुनव-अवसेला सव्वाअकरा. तिथून सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून पाऊणकी. सुकतीला होडी मधेच रुतायची, मग दप्तर डोक्यावर घेऊन गुडघाभर चिखलातून. शाळेतल्या बाईसुद्धा उशीर झाला तर आधी विचारायच्या, "पाणी नव्हतं का गं?"

आता खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची गच्ची. तिथी कळते ती चतुर्थीच्या उपासापुरती. तुमच्याकडे कोणी असं पाण्यावर, वाऱ्यावर दिवस मोजायचं? लिहा ना.

करंजकर

आमच्याकडे पंधरा पाऊण म्हणतात, पाऊणे नाही :) बाकी हिशोब तोच.

बाबांची डोल होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डोल म्हणजे खुंटाला बांधलेलं पिशवीसारखं जाळं, पाण्याच्या ओढीनेच त्याचं तोंड उघडं राहतं. ओढ नसेल तर जाळं नुसतं लोंबतं. म्हणून उधाणात (पुनव-अवसेच्या मोठ्या भरतीत) धंदा, भांगात (अष्टमीच्या आसपास पाणी मंद असताना) घर. बाबा दिवसा झोपलेत की रात्री, हे चंद्र ठरवायचा. आम्हा पोरांना अष्टमीच्या आसपासचे दिवस फार आवडायचे. बाबा घरी, जाळं विणत ओट्यावर, आणि आम्ही सुतळी धरून बसलेलो. एकादशीपासून परत आईची चूल रात्री दोनला पेटायची. बोंबील आले की वलांडीवर, म्हणजे सुकवायच्या मांडवावर, टाकायला सगळं घर. घाईत लिहितेय, कुकर झालाय.

सोडे_आणि_भात

बोंबील वाचून जीव कासावीस झाला. पुण्यात चांगले सोडे (सुकवलेली कोळंबी) कुठे मिळतात? मागच्या वेळचे नुसते मीठच होते.

करंजकर

@सोडे, पावसाआधी मे महिन्यात गावाकडून मागवा. जूनपासून बोटी बंद, 31 जुलैपर्यंत.

मतलई

माझं नावच या धाग्याचं आहे, त्यामुळे लिहिणं भाग आहे. दिवाळीनंतर पहाटे जमिनीकडून समुद्राकडे थंड वारा सुटतो तो मतलई. आमचे चुलते शिडाच्या होडीवर होते. मतलईवर बाहेर जायचं आणि दुपारी खारा वारा फिरला की त्याच्यावर परत यायचं. इंजिन नव्हतं, पण जायची आणि यायची सोय निसर्गानेच करून ठेवलेली. रात्री जमीन लवकर निवते, दिवसा लवकर तापते, इतकंच कारण. काकांना ते शास्त्र म्हणून माहीत नव्हतं. गाल कुठल्या बाजूने गार लागतो एवढ्यावर त्यांचं चालायचं. शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हाही पहाटे पूर्वेची खिडकी उघडायला लावायचे.

खाडीपल्याड

@मतलई, हे वाचून थांबले थोडा वेळ.

इंजिनरूम

पाऊणकी मुंबईला बरोबर बसते. रत्नागिरीला भरती थोडी आधी येते. आणि खंभातच्या आखातात नेऊ नका हा हिशोब! भावनगरला पाणी दहा मीटरपर्यंत चढतं-उतरतं, बंदराला चक्क दरवाजा आहे पाणी आत धरून ठेवायला. मुंबईत साडेचार मीटरच्या वर गेलं की आपण बातम्या बघतो.

एक जुनं जहाज अलंगला पोचवलं होतं, मोडीत काढायला. आठवडाभर नांगर टाकून उधाणाची वाट बघत होतो. मोठ्या भरतीला पूर्ण वेगाने किनाऱ्यावर चढवायचं, कारण पाणी उतरलं की जहाज तिथेच. इंजिन बंद केलं ते कायमचंच. खाली कोणी बोललं नाही.

वाडीतली_लेक

आम्ही श्रीवर्धनचे. 3 जून 2020. आई सकाळपासून म्हणत होती, वारा नेहमीचा नाही, पाखरं गप्प आहेत. मग निसर्ग चक्रीवादळ आलं. मध्येच वारा एकदम पडला, शेजारचे बाहेर आले बघायला, आईने ओरडून आत बोलावलं. नंतर उलट्या दिशेने सुटला. आजोबांनी लावलेली सुपारीची बाग काडेपेटीतल्या काड्यांसारखी मोडून पडली. नवी रोपं लावली आहेत. सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात, आई रोज पाणी घालते. अजूनही रात्री वारा वाढला की उठून बसते.

करंजकर

@वाडीतली, आईला नमस्कार सांग. रोपं धरली का या पावसात?

वाडीतली_लेक

धरली. चार सोडून सगळी.

तिसऱ्यावाली

बीज-तीजेला सकाळी आठच्या सुमारास दर्या लांब मागे जातो. आजी हाक मारायची, "सुकती झाली गो, चल." मी, आजी, शेजारच्या दोन काकी, टोपल्या, कोयते. खडकावरची कालवं फोडायची, वाळूतल्या तिसऱ्या (शिंपल्या) पायाने शोधायच्या. आजीचा एकच नियम: पाण्याकडे पाठ करायची नाही. आणि लहान तिसरी परत टाकायची. अजून मुंबईत चौपाटीवर उभी राहिले तरी माझी पाठ कधी समुद्राकडे नसते, फोटोतसुद्धा.

सोडे_आणि_भात

कालवांच्या आमटीत कोकम की चिंच?

तिसऱ्यावाली

कोकम. यात चर्चा नाही.

मतलई

आमच्याकडे चिंच 🙏

खाडीपल्याड

लेकाला पाऊणकी दहापर्यंत पाठ झाली. आता तो विचारतोय, आज भरती कधी. बाबांना गावी फोन लावून दिलाय, खरी की खोटी ते बघायला. आज षष्ठी, म्हणजे साडेचार. बाबा काठी घेऊन धक्क्यावर गेलेत. येऊन सांगते.