अभंगाचा भाव पट्टीत की इकोत?

खानापूरचा पेटीवाला:
हरिनाम सप्ताहाच्या रेकॉर्डिंगवर इकोचा थर चढवायची सवय आपल्या भागात फार वाढायलीय. माझं म्हणणं सरळ आहे, भाव आधी पट्टीनं, म्हणजे सा किती उंच धरला त्यानं, ठरतो. काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरलेला) अभंग काळी तीनला नेला की पुरुषाच्या गळ्यातला सा सुमारे १३९ हर्ट्झवरून १८५ वर जातो. मग तार गंधार लावायला गळा पूर्ण उघडावाच लागतो, आणि आर्तता येते ती तिथून. पट्टी उतरवली की तेच शब्द नुसते सांगितल्यासारखे वाटतात.

निपाणी साउंड:
पटलं नाही बुवा. पेटीत प्रत्येक पट्टी शेजारच्या पट्टीपासून १०० सेंटवर (सेंट म्हणजे सुरांमधलं अंतर मोजायचं माप). सा कुठंही धरा, स्वरांमधली अंतरं तीच राहतात. सुका, म्हणजे इको-रिव्हर्ब नसलेला, आवाज कानाशी बोलतो, दोन सेकंदांचा रिव्हर्ब (घुमारा) दिला की तोच आवाज गाभाऱ्यातून येतो. गाणं ८५ टक्के वेगानं वाजवून वर रिव्हर्ब द्या, आनंदाचं गाणंसुद्धा उदास होतंय.

खानापूरचा पेटीवाला:
अहो, वेग ८५ टक्के केला की सूर जवळजवळ तीन पट्ट्या खाली येतो, आवाजाचा पोतही जड होतो. उदासी तिथून आली आणि श्रेय रिव्हर्बला! शिवाय नुसत्या गायनाचा सूर सॉफ्टवेअरनं हलवलात तर पखवाजाची शाई (उजव्या पुडीवरचा काळा थर) जुन्याच सा मध्ये बोलते, सगळं बेसूर. प्रत्यक्ष भजनात पट्टी दोन स्वरांहून जास्त बदलायची असेल तर त्याच पुडीचे गट्टे (वाद्या ताणणारे लाकडी ठोकळे) ठोकत बसू नये, दुसरा पखवाज घ्यावा.

शहापूर, बेळगाव:
दोघांचंही अर्धंच बरोबर. पेटीच्या फक्त काळ्या पट्ट्या वाजवा. काळी तीनला सा धरला तर भूप राग, त्याच पाच पट्ट्यांत काळी पाचला सा धरला तर मालकंस. एकही सूर बदलला नाही, इको नाही, तरी प्रसन्न ते गंभीर झालं. मात्र तंबोरा सोबत हवाच, आणि मालकंसाला पहिली तार पंचमाऐवजी मध्यमात. आधार बदलला नाही तर कान भूपातच राहतो.

निपाणी साउंड:
हे मान्य. पण भूप-मालकंस म्हणजे राग बदलला, पट्टी नव्हे. पेटीवाल्यांचा मुद्दा त्यानं सिद्ध होत नाही. दगडी देवळात इकोचं बटण शून्यावरच हवं, भिंतीच पुरेसं घुमवतात. त्यात भर घातली तर जोडाक्षरं विरघळतात. रेकॉर्डिंगला प्री-डिले (मूळ आवाज आणि घुमारा यांमधली फट) ३० मिलिसेकंद, घुमारा दीड सेकंद, आणि रिव्हर्बमधून २५० हर्ट्झखालचं कापायचं, नाहीतर धुमाची (पखवाजाच्या डाव्या बाजूची) थाप पसरते. इको लयीत बसवा. मिनिटाला ८० मात्रा असतील तर एक मात्रा ७५० मिलिसेकंद, अर्धी ३७५. हे चुकलं की टाळ दुहेरी वाजल्यासारखे ऐकू येतात. एवढं सांभाळलं तर सुक्या रेकॉर्डिंगपेक्षा भाव वाढतोच.

खानापूरचा पेटीवाला:
मग तोच अभंग, तोच गळा, काळी एक आणि काळी तीन, दोन्ही सुके रेकॉर्ड करा. रिव्हर्ब फक्त काळी एकला द्या आणि न सांगता मंडळींना ऐकवा.