चौथी-पाचवीत गणित अडतं ते गणितामुळे की वाचनामुळे?

शाईपेन (धागाकर्ती)

तिसरी ते पाचवीच्या मुलांना मी बरीच वर्षं शिकवते आहे. माझं ठाम मत झालंय की या वयात गणितात मागे पडणारी बरीच मुलं खरं तर वाचनात मागे पडलेली असतात. म्हणून गणिताच्या तासातला निम्मा वेळ शाब्दिक उदाहरण वाचण्यात आणि ते स्वतःच्या शब्दांत सांगण्यात जायला हवा. त्यासाठी गुणाकार-भागाकारांचा रतीब कमी करावा लागला तरी बेहत्तर.

हे उदाहरण बघा: "रमाकडे 19 पुस्तकं आहेत. ती मीनाच्या पुस्तकांपेक्षा 7 ने जास्त आहेत. मीनाकडे किती पुस्तकं आहेत?" चौथीतल्या एका मुलीने लगेच 26 लिहिलं. 'जास्त' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, असं तिला शिकवलं गेलं होतं. मी म्हटलं, आकडे राहू देत, गोष्ट सांग. कोणाकडे जास्त पुस्तकं आहेत? "रमाकडे." मग मीनाकडे? ती थांबली, 26 खोडलं आणि 12 लिहिलं. वजाबाकी तिला येतच होती, अडलं होतं ते वाक्य.

अमेरिकेतल्या वाचन-संशोधक जीन चॉल यांनी 1983 मध्ये वाचनाचे टप्पे मांडले. आधी मूल वाचायला शिकतं आणि चौथीच्या सुमारास वाचून शिकायला लागतं, असं त्यांचं म्हणणं. आपण मात्र तिसरीत अक्षरओळख झाली की वाचन संपलं असं धरून चालतो.

पाढेपाठ

असहमत. 3/4 + 5/6 करून बघा. 4 आणि 6 चा लसावि 12, मग 9/12 आणि 10/12, उत्तर 19/12. एवढ्याशा उदाहरणात पाढा किती वेळा लागला ते मोजा. ज्याला 6 चा पाढा पहिल्यापासून म्हणत यावं लागतं, तो 12 पर्यंत पोचेतो छेद सारखे कशासाठी करत होतो हेच विसरतो. एका वेळी डोक्यात मावणाऱ्या गोष्टी थोड्याच असतात. त्यातली जागा पाढ्याने अडवली तर अर्थाला जागा उरत नाही.

सराव कमी करा म्हणणं सोपं आहे. त्याची किंमत मूल सहावी-सातवीत मोजतं.

संख्यारेषा

शाईपेन, वाचनाचा मुद्दा मला पटतो, पण या वयातलं खरं वळण अपूर्णांकांचं आहे. अमेरिकेतल्या 1978 च्या राष्ट्रीय चाचणीत 13 वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: 12/13 + 7/8 चं उत्तर साधारण किती? पर्याय होते 1, 2, 19 आणि 21. दोन्ही अपूर्णांक 1 च्या जवळ, म्हणजे उत्तर 2. ते निवडणारी मुलं होती 24 टक्के! या प्रश्नात वाचायला होतंच काय?

भागाकाराचा रतीब कमी करा म्हणता म्हणून हेही सांगते. रॉबर्ट सीगलर आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांची माहिती तपासली. दहाव्या वर्षी अपूर्णांक आणि भागाकार किती येतात, यावरून माध्यमिक शाळेतल्या गणिताचा अंदाज बांधता आला, बुद्धिमत्ता आणि घरची परिस्थिती हिशेबात धरूनसुद्धा. भागाकाराला हात लावू नका.

शाईपेन

19 आणि 21 कुठून आले ते बघा ना. 12 + 7 = 19, 13 + 8 = 21. मुलांनी अंश नाहीतर छेद मिळवले. रीत हाताला लागली आहे, पण 12/13 म्हणजे 1 ला जरासा कमी, हे दिसत नाही. सराव वाढवून हे कसं दिसणार? 1/4 मोठा की 1/3, हे संख्यारेषेवर खूण करून दाखव म्हटलं, तर समच्छेद अचूक करणारी मुलंही चुकतात. छेद मोठा म्हणून 1/4 मोठा म्हणतात.

पाचवीचा बाबा

दोन्ही बाजूंना विचारायचं आहे: मूल नेमकं कुठे अडलंय हे आधी का बघत नाही? गॉफ आणि टनमर यांनी 1986 मध्ये सांगितलं की वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. एक शून्य असलं की सगळंच शून्य. आमच्याकडे उदाहरण मोठ्याने वाचून दाखवलं की मुलगा पटकन सोडवतो, स्वतः वाचायला दिलं की गप्प. तो अजून जोडाक्षरांपाशी अडखळतो. त्याला 'आपल्या शब्दांत सांग' म्हणून काय उपयोग? आणि ऐकूनही सुटत नसेल, तर मग भाषा किंवा गणित तपासावं.

दुसरं, 'मुख्य कल्पना शोधा' छापाचे उतारे सोडवून समज वाढते यावर माझा विश्वास नाही. 1988 मध्ये रेक्ट आणि लेस्ली यांनी मुलांना बेसबॉलवरचा उतारा दिला. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. तेव्हा वाचनासाठी विज्ञान-इतिहासाचे तास कापू नका, तिथेच वाचन वाढतं.

पाढेपाठ

वाचून दाखवायची चाचणी उत्तम आहे, मी उद्यापासून करतो. पण शाईपेन, 38 मुलं, एका गाडीत 5, तर गाड्या किती? '7, बाकी 3' लिहिणाऱ्याला 8 वी गाडी हवी हे वाचनाने कळेल, हे मान्य. ते 7 आणि 3 मात्र पाढ्यातूनच आले ना? लांबलचक आकड्यांच्या राशी खुशाल काढून टाका. तीन अंकी भागिले दोन अंकी मी सोडणार नाही. त्यात अंदाज, गुणाकार आणि वजाबाकी एकत्र लागतात, आणि मुलाचं कुठे चुकतंय ते पायरीनिशी वहीत दिसतं.