मदत हवी आहे: तक्रार 'वर्ग केली' म्हणजे नक्की कुठे गेली?

मंडळी, मी एका बालगृहात शिकवायला जाते, तिथं शिक्षा म्हणून मुलांना रात्रीचं जेवण देत नाहीत आणि एकाच्या दंडावर वळ पण बघितले, म्हणून देखरेख करणाऱ्या संस्थेकडे लेखी तक्रार केली, तारखा-बिरखा सगळं टाकून. तीन आठवड्यांनी दोन ओळींचं पत्र, 'आपली तक्रार संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आली आहे'. कुठला विभाग? पत्ता नाही, जावक नंबर पण नाही!

एवढं कळतं की अशा संस्था स्वतः गुन्हा दाखल करत नाहीत, मारहाण असेल तर पोलिसांकडे आणि सोयी-परवान्याचं असेल तर परवाना देणाऱ्या खात्याकडे पाठवतात. पण माझ्या तक्रारीत दोन्ही आहे, मग ती फोडून दोघांकडे जाते की एकाकडेच? आणि खरी भीती ही की फिरत फिरत ती त्याच बालगृहाच्या टेबलावर 'खुलासा करा' म्हणून पोचली तर पोरांचं काय होईल. नाव गुप्त ठेवा असं आता मागून लिहून देता येतं का? आणि पाठपुरावा मूळ संस्थेकडेच करायचा की नव्या खात्याकडे? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.