पगारावर खर्च करणाऱ्या संस्थेला दान देऊ नका म्हणे!

हिशेबवही
परवा या फोरमवर एक सल्ला वाचला. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही. सल्ला असा: 'देणगी देण्याआधी ताळेबंद मागा. पगार आणि ऑफिस खर्च १० टक्क्यांच्या वर असेल तर एक रुपया देऊ नका. पैसा गरिबाच्या ताटात पडला पाहिजे, नोकरांच्या खिशात नाही.' खाली पन्नासेक जणांनी हात जोडलेले.

मी सोलापुरात विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीजवळच्या एका छोट्या बालवाडीचे हिशेब लिहिते. वर्षाचा सगळा खर्च ६ लाख ४० हजार. तीन शिक्षिका, महिना नऊ हजार प्रत्येकी. दोन मदतनीस, साडेचार हजार. झाले वर्षाचे ४ लाख ३२ हजार. भाडं ६० हजार, खाऊ ९६ हजार, पाट्या-खेळणी १४ हजार. उरलेल्या ३८ हजारांत ऑडिट फी, लाइट बिल, झेरॉक्स आणि माझं मानधन. पोरं साठ. आया घरी विड्या वळतात, माल द्यायला विडी कंपनीच्या ब्रँचला जातात, तेवढा वेळ पोरं तंबाखूच्या धुळीत बसण्यापेक्षा आमच्याकडे असतात. आता बालवाडीतली बाई हा 'ऑफिस खर्च' असेल तर बालवाडी म्हणजे नेमकं काय, सतरंजी?

पुढची गंमत ऐका. आमचे जुने ऑडिटर पगार, भाडं आणि हे उरलेले ३८ हजार शेड्यूल नऊमध्ये, म्हणजे जमाखर्चाच्या तक्त्यात, 'आस्थापना खर्चा'त टाकायचे. टक्का ८३. नवे ऑडिटर आले, त्यांनी तेच पगार, तेच भाडं 'ट्रस्टच्या उद्दिष्टांवरील खर्च, शैक्षणिक' या ओळीत नेलं. टक्का ६! एक पोरगं वाढलं नाही, एक बाई कमी झाली नाही. आणि सहा वर्षं नेमाने बारा हजार देणाऱ्या एका काकांनी हाच सल्ला वाचून कपाटातला जुना ताळेबंद काढला आणि मला लिहिलं, 'आधी टक्का सुधारा.'

जुना ऑडिटवाला
तो सल्ला माझाच. नवी पेठेतल्या एका ऑडिटरकडे ३१ वर्षं कारकुनी केली, संस्थांची व्हाउचरं तपासण्यात डोळे गेले. ताई, तुम्ही माझंच काम सोपं केलंत. एक ओळ हलवून ८३ चे ६ होतात, मग माणसाने तुमच्यावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या जोरावर?

आणि हे फक्त माझं डोकं नाही. विदेशी देणगीच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चात, सीएसआरमध्ये, तर ५ टक्केच. सरकार काय मूर्ख आहे का?

बाळीवेसकर
सरकार मूर्ख आहे का, यावर वेगळा धागा काढा मालक, लई चालेल.

माझा प्रश्न साधा हाय. बालवाडीच्या बाईच्या नऊ हजाराला भिंग लावून बसलाय, आणि गल्लीतलं मंडळ पावतीपुस्तक घेऊन दारात आलं की गुपचूप पाचशे काढून देता. त्यांचा टक्का कधी विचारलाय का बे? रात्री अकराला डीजेच्या स्पीकरची भिंत, घरातली भांडी थडथडतात, माझ्या आईला झोपेची गोळी द्यावी लागते. गोळीचा खर्च कुठल्या ओळीत टाकायचा?

हिशेबवही
ऑडिटवाले काका, सीएसआरचे ५ टक्के हे कंपनीने स्वतःच्या कचेरीत सीएसआर खातं चालवायला केलेल्या खर्चावर आहेत. प्रकल्प उभा करायचा आणि राबवायचा थेट खर्च त्यात येत नाही, नियमातच तसं लिहिलंय. विदेशी देणगीचं तुमचं बरोबर आहे, पण आमच्याकडे परदेशातून आजवर काही आलं असेल तर एका पालकाच्या दुबईतल्या भावाने आणलेला खजूर.

टेम्पोवाला मोहोळ
२०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा आम्ही दहा-बारा पोरं टेम्पो घेऊन माढा-मोहोळकडे फिरत होतो. तेव्हाचं सांगतो. हायवेलगतच्या गावांत बिस्किटांची खोकी छातीएवढी साठलेली. आत दोन कोस गेलं की चूल भिजलेली आणि माणसं गप्प बसून. का, तर आत जायला डिझेल लागतं आणि कुठल्या घरात काय नाही हे विचारत फिरायला माणूस लागतो. एका देणगीदाराने आम्हाला बजावलंतं, 'माझे पैसे डिझेलला वापरायचे नाहीत, फक्त किटला.' किट काय पोहत जाणार होते का?

आणि कपडे! बायाबापड्यांना पाहिजे होती कोरडी सतरंजी, पातेली, गुरांना चारा. लोकांनी पाठवले फाटके ब्लाउज, लग्नातले कोट, एका पोत्यात तर पोहायच्या चड्ड्या. ती पोती वेगळी करायला आमचे दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांचा टक्का काढा आता.

जुना ऑडिटवाला
पुराचं वेगळं. तिथे मी काही बोलत नाही. पण 'कामाला माणूस लागतो' या एका वाक्याआड काय काय दडवतात ते मी बघितलंय. अध्यक्षांचा पुतण्या 'प्रकल्प समन्वयक'. गाडीचं पेट्रोल 'शैक्षणिक'. सहलीचं बिल 'प्रशिक्षण'.

बाळीवेसकर
आणि जनरेटरचं बिल 'प्रबोधन'.

मंडळाचा खजिनदार
बाळीवेसकर, प्रत्येक ठिकाणी मंडळांना ओढायची खोड झालीय तुम्हाला. आमच्या मंडळाची पावती छापील, नंबरवार असते. धर्मादाय कार्यालयाची ४१ क ची परवानगी घेतल्याशिवाय आम्ही दारात जात नाही आणि उत्सव झाला की हिशेब देतो. रक्तदान शिबिर घेतो, वह्या वाटतो. सोलापूरचा उत्सव काय आज सुरू झालाय? आजोबा गणपती १८८५ चा म्हणून सगळं गाव अभिमानाने सांगतं.

बाळीवेसकर
आजोबाच्या मांडवात जनरेटर होता का, तेवढं सांगा. मी लेझीम खेळून मोठा झालोय. पायात पैंजण, हातात लेझीम, घामाने बंडी भिजायची. खर्च काय, तर एक हलगीवाला आणि रात्री खायला चुरमुऱ्यांचा सुशीला. वह्या वाटता ठीक, किती हजाराच्या? आणि भिंतीचं भाडं किती? हे दोनच आकडे इथं टाका, मी तोंड बंद करतो.

मंडळाचा खजिनदार
पोरांना डीजेच पाहिजे असतो. नाही आणला तर शेजारच्या मंडळात जातात. मिरवणुकीत वीस माणसं उरली तर वर्गणी देणारे तुम्हीच म्हणणार, 'यंदा काय उत्साह नाही.'

विडी घरकुल
आमच्याकडे वर्गणी द्यायची की नाही असा प्रश्नच नसतो. किती, एवढंच विचारतात.

मंडळाचा खजिनदार
आमचं मंडळ जबरदस्ती करत नाही. नाव घेऊन बोला नाहीतर बोलू नका.

विडी घरकुल
नाव कसं घेऊ अण्णा, तिथंच राहायचंय.

बाळीवेसकर
घ्या. ही झाली पारदर्शकता. नियम २००० सालापासून आहेत, रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. आमच्या गल्लीत ५५ डेसिबलला तर सासू-सुना बोलतात.

पुण्यातला सोलापूरकर
मूळ विषयाकडे येतो (माफ करा, डीजेवर मीही पानभर लिहू शकतो). हा टक्क्याचा वाद अमेरिकेत होऊन गेलाय. संस्थांचं मूल्यमापन करणाऱ्या तिथल्या तीन मोठ्या संस्थांनी २०१३ साली जाहीर पत्र काढून दात्यांना सांगितलं की फक्त व्यवस्थापन खर्चावरून संस्था जोखू नका. त्यातली एक तर आधी टक्क्यांवरच तारे वाटायची. गिव्हवेल नावाची संस्था २००७ पासून वेगळा प्रश्न विचारते: इतक्या पैशात नेमका किती फरक पडला, आणि हे काम केलं नसतं तर काय झालं असतं? आपणही तसा पुरावा मागायला हवा. चाचणी घ्या, तुलना करा.

हिशेबवही
साठ पोरांच्या बालवाडीत तुलनेसाठी दुसरी साठ पोरं बाहेर धुळीत बसवून ठेवू का?

पुण्यातला सोलापूरकर
तसं नव्हतं म्हणायचं. पण किती पोरं पुढे पहिलीत टिकली, एवढं तरी लिहून ठेवता का?

हिशेबवही
दोन वर्षांपासून ठेवतो. त्याआधी नाही. हे तुम्ही बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. आवडलं नाही, पण बरोबर आहे.

विडी घरकुल
माझी आई ३० वर्षं विड्या वळते. ब्रँचमध्ये विड्या मोजून घेतात, छाट, म्हणजे खराब विड्या, किती निघाली ते बघतात. तिनं दिवसात चहा किती वेळा प्यायला ते कोणी विचारत नाही. तुम्ही लोक चहा मोजत बसलाय.

जुना ऑडिटवाला
वाक्य छान आहे, टाळ्या मिळतील. पण छाट बघायला कोणीतरी माल हातात घेतो ना? देणगीदार घेतो का? तो पावती घेतो आणि ८० जी चं बघतो. आता नव्या करप्रणालीत ती सवलतच नाही, आणि जुन्यात दोन हजारांवर रोख दिली तर मिळत नाही. तरी लोक अजून '८० जी आहे म्हणजे संस्था चांगली' असंच समजतात. ८० जी म्हणजे करात सूट, चारित्र्याचा दाखला नव्हे.

मी इतका का चिडतो तेही सांगून टाकतो, कारण तुम्ही सगळे मला कंजूष म्हातारा समजून बसलाय. बायको गेली त्या वर्षी तिच्या तिथीला एका वृद्धाश्रमात जेवण घालायचं म्हणून ११ हजार दिले. संध्याकाळी फोटो आला. पंगत बसलेली, मागे तिच्या नावाचा बॅनर. मी तो फोटो देवघरात लावला. पुढच्या वर्षी परत पैसे दिले, परत फोटो आला. दोन्ही शेजारी ठेवले. तेच आजोबा, त्याच जागी, तोच स्वेटर, ताटात तीच अर्धी खाल्लेली पोळी. फक्त बॅनरवरचं साल बदललेलं. तिसऱ्या वर्षी मी न सांगता दुपारी साडेबाराला जाऊन उभा राहिलो. पातळ आमटी आणि भात. अध्यक्षांच्या खोलीत मात्र एसी. त्या संस्थेचा आस्थापना खर्च कागदावर ७ टक्के होता, हे नंतर कळलं.

टेम्पोवाला मोहोळ
काका, मग तुमच्याच गोष्टीत टक्का नापास झाला की.

जुना ऑडिटवाला
तुझं वय काय रे? जरा थांबून बोलत जा.

हिशेबवही
काका, काकूंच्या तिथीच्या फोटोचं वाचून वाईट वाटलं. खरंच. पण तो म्हणतोय ते चूक नाही. सात टक्केवाल्याने फसवलं तुम्हाला, आणि शिक्षा आमच्या ८३ ला.

जुना ऑडिटवाला
ठीक आहे. टक्का एकटा बघू नका, एवढं लिहायला हवं होतं मी. हे मी तुमच्या युक्तिवादाने मानत नाही, माझ्याच अनुभवाने मानतो, नोंद घ्या.

मग काय बघायचं? शेड्यूल नऊमध्ये विश्वस्तांना मानधन गेलंय का. 'किरकोळ खर्च' ही ओळ फुगली आहे का. शेड्यूल आठमध्ये, म्हणजे ताळेबंदात, बँकेतल्या ठेवी किती. लाखांच्या ठेवी ठेवून खाऊसाठी हात पसरणारे मी पाहिलेत. विश्वस्तांची आडनावं आणि पगार घेणाऱ्यांची आडनावं शेजारी लावून बघा. संस्थेने कागद दिले नाहीत तर तिचा नोंदणीचा एफ नंबर घेऊन धर्मादाय कार्यालयात नकलेसाठी अर्ज करा. आणि जेवणाच्या वेळी न सांगता जा. यातलं काही करायचं नसेल तर खुशाल टक्का बघा, काहीच न बघण्यापेक्षा बरा.

पुण्यातला सोलापूरकर
न सांगता जाणं पुण्यात बसून कसं जमणार? आमच्यासारख्यांनी काय करायचं?

बाळीवेसकर
सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला येताच की. जानेवारीत या, सकाळी नंदीध्वज बघा, दुपारी बालवाडी.

हिशेबवही
संक्रांतीला बालवाडीला सुट्टी असते, बाळीवेसकर.

माझं एकच मागणं आहे. येणाऱ्याने पोरांना ओळीत उभं करून बिस्किटं वाटतानाचा फोटो मागू नये. मागच्या वर्षी एकजण वाढदिवसाला आले. केक त्यांचा, गाणं त्यांचं, आणि एका पोराने आधीच बिस्किट खाल्लं म्हणून ते हातातून काढून परत पुड्यात ठेवलं, फोटोसाठी. बाईंनी त्या दिवशी राजीनामा द्यायचं काढलं होतं. नऊ हजारांत हेही बसवायचं का, असं म्हणाल्या.

टेम्पोवाला मोहोळ
आमचेबी फोटो काढलेते. मदत घेताना म्हातारी तोंड फिरवत होती आणि मी 'आजी इकडं बघा' म्हणत होतो. नंतर झोप लागली नाही. पण फोटो टाकला नाही तर पुढचा टेम्पो भरत नव्हता, हेबी खरं हाय.

जुना ऑडिटवाला
ताई, तुमच्याकडे शनिवारी यायचा विचार होता. न सांगताच येणार होतो, पण पत्ता माहीत नाही.

हिशेबवही
पत्ता खाजगी निरोपात पाठवलाय. वार बदला, सांगून टाकलात तुम्ही. शेड्यूल आठ आणि नऊ टेबलावरच असतात. खाऊ साडेअकराला. चहा मिळेल, 'किरकोळ'मध्ये टाकेन.

जुना ऑडिटवाला
चहा घरून पिऊन येईन.

मंडळाचा खजिनदार
धागा संपत आला तरी एकानेही आमच्या रक्तदान शिबिराबद्दल चांगला शब्द काढला नाही. सोलापूरकर!

बाळीवेसकर
काढतो की. शिबिर चांगलं असतं, मी स्वतः दोनदा रक्त दिलंय तुमच्याकडे. आता ते दोन आकडे टाका. वह्या किती, भिंत किती. दुसऱ्यांदा विचारायलोय.