रुग्णासोबत दवाखान्यात जाणाऱ्या स्वयंसेवकांनी नेमके काय करावे? (सोलापूर, पूर्व भाग)

प्रश्न – पूर्वभागकर

सप्रेम नमस्कार. आमचे मंडळ आजवर मार्कंडेय रथोत्सवातले पाणीवाटप आणि वर्षाकाठी एखादे रक्तदान शिबिर एवढेच काम करीत आले. अलीकडे मात्र वस्तीतील विडी कामगार स्त्रिया आणि यंत्रमाग कामगारांची कुटुंबे घरात कोणी आजारी पडले की आमच्याकडे येतात आणि बहुतेकांचे मागणे एकच असते: "सोबत चला." घरात तेलुगू बोलणाऱ्या या बायकांना बाजारहाटापुरते मराठी येते, पण अर्जावरचे मराठी आणि डॉक्टरांनी घाईत सांगितलेले निदान या दोन्ही गोष्टी त्यांच्या आवाक्याबाहेर राहतात.

मध्यंतरी एका शेजारणीच्या यजमानांना हृदयविकाराचा झटका आला, म्हणून आम्ही त्यांना शहरातील एका खासगी रुग्णालयात नेले. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा फलक दारातच होता, तरीही "मंजुरी येईपर्यंत डिपॉझिट भरा" असे सांगण्यात आले. गल्लीत वर्गणी काढून आम्ही ते भरले. पुढे मंजुरी आली, पण भरलेल्या रकमेची पावती मागितल्यावर औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्याच्या पाठीवर पेनाने आकडा लिहून दिला. त्यावर ना शिक्का, ना सही, ना तारीख.

या प्रकारानंतर मंडळात दोन तट पडले आहेत. काहींच्या मते कायमस्वरूपी मदतनिधी उभारावा, तर काहींच्या मते पैशाला हातच लावू नये. रुग्णाच्या वतीने रुग्णालयाशी बोलण्याचा आम्हाला अधिकार आहे का, आणि एकेका रुग्णामागे धावण्यापलीकडे जाऊन ही अडवणूकच कशी थांबवता येईल, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – निवृत्त समाजसेवा अधीक्षक

आपण वर्णन केलेला प्रसंग नवा नाही. ही योजना 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. म्हणजे इतर बहुतेक जिल्ह्यांच्या आधीपासून ती आपल्याकडे आहे, आणि तरीही "आधी डिपॉझिट" हे वाक्य आपण ऐकतोच आहोत.

माझे स्पष्ट मत असे की, स्वयंसेवकाचे खरे काम दाखल होण्याच्या पहिल्या तासाचे आहे. रुग्णालयात पाऊल टाकताच पैशाच्या खिडकीकडे न जाता आरोग्यमित्राचे टेबल शोधावे. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. तो रेशनकार्ड आणि ओळखपत्र पाहून नोंदणी करतो, त्यानंतर रुग्णालय उपचाराची पूर्वपरवानगी ऑनलाइन मागवते, आणि जिवावर बेतले असेल तर दूरध्वनीवरून तातडीची मान्यता घेऊन कागद मागाहून देण्याची सोय आहे. रुग्णाची नोंद एकदा 'रोखीचा रुग्ण' अशी झाली की पुढे तो पैसा परत मिळवणे म्हणजे वाळूतून तेल काढणे. आरोग्यमित्र जागेवर नसेल तर 155388 किंवा 1800 233 2200 या क्रमांकावर तिथूनच, काउंटरसमोर उभे राहून फोन लावावा. समोर फोन लागलेला दिसला की काउंटरवरची भाषा पुष्कळदा आपोआप बदलते, हा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट कागदांची. पूर्व भागात सर्वाधिक अडचण नावांची येते. आधारवर माहेरचे आडनाव, रेशनकार्डावर सासरचे. कित्येकदा तर सुनेचे नाव माहेरच्या कार्डावरून कमीच केलेले नसते, त्यामुळे सासरच्या कार्डावर ते चढत नाही. तेलुगू नावांचे स्पेलिंग तर प्रत्येक कार्यालयाने आपल्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले असते. ही दुरुस्ती रुग्ण अतिदक्षता विभागात असताना होत नाही. आपल्या मंडळाने धडधाकट माणसांची कार्डे तपासून, रेशनिंग कार्यालयाचे काम आधीच उरकून दिले, तर रक्तदानाइतकाच त्याचा उपयोग होईल. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने योजनेची मर्यादा प्रति कुटुंब वर्षाला पाच लाखांपर्यंत वाढली आणि पांढऱ्या कार्डाची कुटुंबेही तिच्यात आली. त्यामुळे "आमचे कार्ड पिवळे नाही" म्हणून परत फिरण्याचे आता कारण उरलेले नाही.

बोलण्याच्या अधिकाराबद्दल म्हणाल, तर रुग्णाची किंवा त्याच्या नातेवाइकाची संमती असेल तर सोबत्याने बोलण्यास हरकत नसावी. ती संमती दोन ओळींत लिहून घ्यावी. मात्र निदान आणि उपचार यांविषयी आपण मत देऊ नये. फक्त डॉक्टरांचे म्हणणे तेलुगूत आणि रुग्णाचे म्हणणे मराठीत नेमके पोहोचवावे. आणि कृपा करून, खाटेवरच्या रुग्णाचे फोटो मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकण्याची हौस आवरावी.

उत्तर – विडी कामगार संघटनेतील एक कार्यकर्ती

वरील ज्येष्ठांशी बहुतांशी सहमत आहे, परंतु निधीच्या बाबतीत माझे मत निराळे आहे. योजना दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या, बाहेरून करून आणायच्या तपासण्या, रिक्षाभाडे यांना ती लागू पडत नाही. आमच्या बायकांची मजुरी हजार विड्यांवर ठरते. सकाळी सिव्हिलमध्ये केसपेपरच्या रांगेत उभी राहिलेली बाई दुपारी औषधाच्या रांगेतून बाहेर पडते, तेव्हा तिचा त्या दिवसाचा माल कारखान्यात जमा झालेला नसतो. म्हणून ती खोकला तीन-तीन महिने अंगावर काढते आणि आजार बळावल्यावर आपल्याकडे येते. अशा वेळी दोनशे-तीनशे रुपयांची मदत पाच लाखांच्या विम्याहून आधी लागते. निधी ठेवा, पण तो केवळ प्रवास आणि औषधे यांपुरता ठेवा, डिपॉझिटसाठी कदापि वापरू नका. तुमची वर्गणी तयार आहे हे एकदा कळले की तीच प्रत्येक रुग्णाकडून अपेक्षिली जाईल.

आणखी एक गोष्ट. खोकला आणि वजन घटणे दिसले तर क्षयरोगाची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते, आणि नोंदणी झालेल्या रुग्णाला पोषण आहारासाठी नोव्हेंबर 2024 पासून दरमहा 1000 रुपये बँक खात्यात मिळतात. पूर्वी ते 500 होते. खाते आणि आधार यांची जोडणी नसल्याने हे पैसे अडकतात, तेवढे पाहा. यंत्रमाग कामगारांच्या बाबतीत आधी राज्य कामगार विमा योजनेची नोंदणी आहे का ते विचारा. पुष्कळ कारखानदारांनी ती केलेलीच नसते, आणि तो लढा दवाखान्यात लढता येत नाही.

उत्तर – एक वकील, सात रस्ता

कायद्याच्या बाजूने थोडे लिहितो. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत जानेवारी 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि ठरावीक सेवांचे दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे, रुग्णाला तपशीलवार बिल मिळण्याचा हक्क आहे आणि थकबाकीसाठी मृतदेह अडवून ठेवता येत नाही. महापालिकेच्या हद्दीत ही तक्रार महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे करावी लागते. पुठ्ठ्यावरचा तो आकडा टाकून देऊ नका. त्याची छायाप्रत, योजनेच्या मंजुरीचा कागद आणि ज्यांनी पैसे भरले त्यांचे सहीनिशी निवेदन जोडून एक अर्ज योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडे आणि दुसरा महापालिकेकडे द्या, व दोन्हींवर पोच घ्या.

ते रुग्णालय सार्वजनिक न्यासाचे असेल तर निराळा मार्गही आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम 41 कक आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयाने 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात. तातडीच्या रुग्णाला डिपॉझिट न मागता दाखल करून घेणेही त्यांच्यावर बंधनकारक आहे. शहरातील कोणती रुग्णालये यात मोडतात ते धर्मादाय आयुक्तांच्या येथील कार्यालयातून लेखी मिळवा आणि ती यादी मंडळाच्या फलकावर लावा.

पुष्कळांचा गोंधळ होतो म्हणून सांगतो. 15 ऑगस्ट 2023 पासून जी मोफत सेवा सुरू झाली, ती सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत आहे; आपले सिव्हिल वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले असल्याने वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येते. तेथे शुल्क घेतले म्हणून भांडायला जाण्यापूर्वी हा फरक ध्यानात ठेवा, नाहीतर खऱ्या तक्रारीचीही धार बोथट होते.

पूर्वभागकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ताईंचे म्हणणे मंडळाला पटले असून, निधी केवळ औषधे व प्रवास यांपुरता ठेवायचे ठरत आहे. एक शंका उरते: तक्रारी एकेक करून द्याव्यात की साठवून एकत्र द्याव्यात?

निवृत्त समाजसेवा अधीक्षक

दोन्ही करा. प्रत्येक प्रसंग त्याच दिवशी वहीत उतरवा: तारीख, रुग्णालय, कोणी काय मागितले, पावती दिली की नाही. ज्याची त्याची वैयक्तिक तक्रार लगेच जाऊ द्या. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात होणाऱ्या लोकशाही दिनात वैयक्तिक स्वरूपाचीच तक्रार घेतात, सामुदायिक निवेदन तिथे चालत नाही. वहीतल्या नोंदींवरून एकाच रुग्णालयाबद्दल तोच प्रकार पुन्हा पुन्हा दिसू लागला, की त्या नोंदींचा गोषवारा घेऊन जिल्हा समन्वयकांची स्वतंत्र वेळ मागा, आणि जाताना रुग्णांचे दोन-तीन नातेवाईक बरोबर न्या. तेलुगूत बोलले तरी चालेल, भाषांतराला तुम्ही आहातच.